कात्रीने टिपलेले चेहरे
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आज घरोघरी भिंतीवर फोटो आहेत. पण कॅमेरा निघण्यापूर्वी सामान्य माणसाने आपल्या माणसाचा चेहरा जपून ठेवावा कसा? चित्रकाराकडून तसबीर काढवून घेणे हे पैसेवाल्यांचे काम. अमेरिकेत यावर एक स्वस्त तोड लोकप्रिय झाली, ती कागदातून कातरलेल्या छायाकृतींची. तिची हकीकत मी आज सांगणार आहे.

या कृतीला ‘सिलुएट’ म्हणतात. सिलुएट हा १७५९ साली फ्रान्सचा अर्थमंत्री होता. त्याच्या काटकसरीची इतकी थट्टा झाली की स्वस्त वस्तूंना त्याचेच नाव चिकटले!

फिलाडेल्फिया शहरात चार्ल्स विल्सन पील या चित्रकाराचे संग्रहालय होते. तेथे १८०२ साली एक यंत्र आले. माणसाने एका अंगाने बसायचे. यंत्राची पितळी पट्टी कपाळ, नाक, हनुवटी यांवरून फिरे आणि तीच रेषा लहान होऊन चारपदरी कागदावर उमटे. मग कात्रीने आतला भाग काढून मागे काळा कागद लावायचा. एका कातरण्यात चार प्रती, आणि मजुरी फक्त ८ सेंट! एक प्रत घरी ठेवावी, बाकीच्या आप्तेष्टांना द्याव्यात.

ही कात्री चालवीत होता मोझेस विल्यम्स. तो पीलच्या घरी गुलाम म्हणून वाढला. त्याचे आईबाप १७८६ साली मुक्त झाले, पण लहानगा मोझेस मालकाच्याच ताब्यात राहिला. १८०२ साली तोही सुटला आणि पुढच्या एका वर्षात त्याने आठ हजारांवर चेहरे कातरले. त्या कमाईतून त्याने स्वतःचे घर घेतले. मात्र कागदावर ठसा उमटे तो संग्रहालयाचा. मोझेसचे नाव नसे.

मार्था ॲन हनीवेल ही बाई तर जन्मतःच हातांवाचून होती. ती तोंडाने व पायाच्या बोटांनी कात्री धरून नाजूक कातरकाम करी आणि त्यावर पोट भरी.

१८३९ साली छायाचित्रणाची कला जगापुढे आली आणि हा धंदा हळूहळू बसला. पण ते काळे चेहरे तेथील संग्रहालयांतून आजही जपलेले आहेत.

भगिनींनो, आपणही प्रदर्शनात रुखवताच्या वस्तू, भरतकाम मांडतो आणि वर पाटी लावतो ती मंडळाची. यापुढे प्रत्येक वस्तूखाली ती करणारीचे नाव लिहावे, एवढी माझी सूचना आहे. तिचा विचार व्हावा अशी विनंती करून मी आपली रजा घेते.