पहारेकरी आणि मोजणीदार



वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात घातली. त्या परंपरेतल्या व्यासपीठावर पंडितांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी सतरंजीवर बसून ऐकावे, हा क्रम आम्ही पुष्कळ वर्षे पाळला. आमचे शिक्षण नववीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते मागाच्या खडखडाटात, वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा आज आम्ही संगणकाविषयी बोलणार याचे काहींना नवल वाटेल. हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. आमच्याच एका चुकीने तो आमच्या गळ्यात घातला. ती चूक आधी सांगतो.

आमच्या विणकरांची एक लहानशी पतपेढी आहे. कोणी किती मीटर विणले, दर काय पडला, उचल किती घेतली, कापणी किती झाली, हा हिशेब पूर्वी लाल कापडी वहीत असे. पुढे तो संगणकावर गेला. त्यासाठी आज्ञावली, म्हणजे मुले जिला प्रोग्रॅम म्हणतात ती, एका ओळखीच्या गृहस्थांकडून लिहवून घेतली. दोन वर्षे कारभार सुरळीत चालला. मग एका महिन्यात, नुकत्याच सभासद झालेल्या एका विणकराच्या नावावर मागील उचल म्हणून साडेनऊ हजार रुपये दिसू लागले. तो म्हणाला, "भाऊ, मी दमडी घेतलेली नाही." आम्ही त्याला उत्तर दिले, "बाबा रे, माणूस विसरतो, यंत्र विसरत नाही." तो खाली मान घालून निघून गेला. तीस वर्षे शेठजींच्या वह्यांवर अविश्वास दाखवत आलेल्या आम्ही, वहीची पेटी झाली म्हणताच तिच्यावर विश्वास टाकला!

पुढच्या महिन्यात त्याच माणसाच्या नावावर निराळाच आकडा आला. तेव्हा आमचे डोळे उघडले. आमच्या एका जुन्या सोबत्याची मुलगी पुण्यास संगणकाचे काम करते. ती सुटीवर आली होती. तिने एक हत्यार लावून दोन तास तपास केला आणि म्हणाली, "काका, हा आकडा खरा नाही, खोटाही नाही. हा कोणाचाच नाही."

याचा अर्थ समजण्यास भिवंडीकरांना कष्ट पडू नयेत. आपल्या गावाभोवती मानकोली, पूर्णा, राहनाळ, काल्हेर अशी गोदामांची रांगच आहे. संगणकाची स्मृती म्हणजे असे एक अफाट गोदाम. आज्ञावली कामाला लागली की ती गाळे मागून घेते, त्यांत माल ठेवते, काम झाले की गाळा परत करते. यात तीन प्रकारचे घोटाळे होतात. घेतलेला गाळा परत करायचा राहतो, आणि असे राहता राहता गोदाम भरून जाते. दुसरा घोटाळा असा की, आपला गाळा सोडून शेजाऱ्याच्या गाळ्यात हात जातो. तिसरा सर्वांत फसवा: गाळा घेतला, त्यात स्वतःचा माल ठेवलाच नाही, पण कुलूप उघडून जे सापडले ते आपलेच समजून उचलले. आधीच्या भाडेकऱ्याचे पोते तेथे पडलेले असते! नव्या सभासदाच्या उचलीच्या गाळ्यात प्रथम शून्य लिहावयाचे, ते लिहिणारा विसरला होता. जुन्या कुठल्या तरी बेरजेचा कचरा तेथे पडला होता, आणि तो एका गरिबाचे कर्ज म्हणून छापला गेला.

हे शोधून काढणाऱ्या हत्याराचे नाव व्हॅलग्रिंड. ज्युलियन सिवर्ड या गृहस्थांनी ते घडवले आणि २००२ साली त्याची पहिली पक्की आवृत्ती सर्वांना फुकट वापरण्यास दिली. उत्तर युरोपातील पुराणकथांत वीरांच्या स्वर्गाला एक दरवाजा आहे, त्याचे हे नाव. दरवाजा म्हटला म्हणजे पहारेकरी आला. या हत्याराची करामत अशी की, ते आज्ञावलीला खऱ्या प्रोसेसरवर सरळ धावूच देत नाही. स्वतःचा एक नकली प्रोसेसर उभा करते, यंत्रभाषेतील आज्ञांची एकेक लहान जुडी हाती घेते, ती सुटी करते, आज्ञांच्या मध्ये पहारेकऱ्याच्या आज्ञा गुंफते आणि मग ती नवी विणलेली जुडी चालवते. स्मृतीच्या प्रत्येक गाळ्यासाठी पहारेकऱ्याकडे एक सावलीवही असते. हा गाळा भाड्याने दिलेला आहे काय, आणि आतल्या मालातला कण न् कण कोणी जाणून ठेवलेला आहे काय, याची नोंद तीत असते.

पहारेकरी समंजसही आहे. कचरा एका गाळ्यातून दुसऱ्यात नेला एवढ्यावरून तो ओरडत नाही. हलवाहलवीत तसे होतेच. त्या कचऱ्यावर विसंबून आज्ञावली निर्णय घेऊ लागली, अमुक असेल तर इकडे, नसेल तर तिकडे, म्हणजे तो शिट्टी फुंकतो. ऐकीव गोष्ट कानावर पडणे हा गुन्हा नव्हे, तिच्यावर विसंबून माणसाला दोषी ठरवणे हा गुन्हा, हा न्याय आम्ही त्या यंत्राकडून शिकलो.

आता मुख्य मुद्दा. आमची दुसरी तक्रार होती, आज्ञावली फार मंद. दरवाढीच्या बोलणीपूर्वी आम्ही दहा वर्षांचे रोजचे मीटर घेऊन, दर अमुक पैशांनी वाढला तर काय पडेल, तमुक पैशांनी वाढला तर काय पडेल, असा हिशेब शेकडो वेळा फिरवून पाहतो. त्याला चहा पिऊन परत यावे इतका वेळ लागे. आम्ही नवा संगणक घेण्याच्या विचारात होतो. ती मुलगी म्हणाली, "थांबा काका, त्याच हत्याराला विचारू." आम्ही चकित झालो. चोर पकडणारा पहारेकरी वेळेचा हिशेब कसा देणार?

पण विचार केला तर त्यात नवल नाही. प्रत्येक गाळ्याच्या दारात ज्याला उभे राहता येते, त्याच्या हाती सोटा दिला तर तो पहारेकरी, आणि पेन्सिल दिली तर तोच मोजणीदार. निकोलस नेदरकोट या तरुणाने हे ओळखले. त्याने व्हॅलग्रिंडवर कॅशग्रिंड नावाचा भाग बसवला. पुढे हत्याराची रचनाच अशी झाली की, आज्ञा सुट्या करून पुन्हा विणणारा गाभा एक, आणि त्यावर बसवावयाची साधने अनेक. मागाचा सांगाडा तोच. वर डॉबी बसवा नाहीतर जकार्ड बसवा. योझेफ वाइडेनडॉर्फर यांचे कॉलग्रिंड हे साधन त्यात २००६ साली सामील झाले. कोणत्या कामाने कोणाला किती वेळा बोलावले हे ते दाखवते. ही वाट आधीही कोणी चालले होते. अमेरिकेत रीड हेस्टिंग्ज यांनी प्युअर सॉफ्टवेअर ही कंपनी काढली, तिचे प्युरिफाय हे हत्यार स्मृतीचे दोष शोधी. त्याच युक्तीवर त्या कंपनीने वेळ मोजणारे क्वांटिफाय काढले. याच हेस्टिंग्ज यांनी पुढे नेटफ्लिक्स कंपनीच्या स्थापनेत भाग घेतला, जिचे चित्रपट आज घराघरांत दिसतात.

हा मोजणीदार काय मोजतो? पुन्हा गोदामाकडे चला. वंजारपट्टी नाक्यावरच्या दुकानदाराच्या हाताशी एक फळी असते. फळीवरचा माल क्षणात मिळतो. फळीवर नसेल तर मानकोलीस गाडी पाठवावी लागते, आणि रस्त्यावरची वाहतूक तुम्ही जाणताच. प्रोसेसरच्या हाताशीही अशी एक फळी असते, तिला कॅश म्हणतात. फळीवरचा आकडा चार-पाच ठोक्यांत हाती येतो. दूरच्या स्मृतीतून आणावा तर शेकडो ठोके वाया जातात. या ठोक्यांची गती ध्यानी घ्या. आपला साधा माग मिनिटाला दीडशेच्या आसपास धोटे मारतो. आजचा प्रोसेसर एका सेकंदात तीन अब्ज ठोके सहज मारतो. तरीही तो पुष्कळदा हात बांधून मालाची वाट पाहत उभा असतो. कांडीवाला आला नाही म्हणून विणकर उभा राहतो, तसाच.

गोदामातून माल एकेक नग येत नाही. एका खेपेत शेजारशेजारचे आठ आकडे येतात. आमच्या आज्ञावलीत एका सभासदाचे सर्व दिवस एका ओळीत लागून ठेवले होते. पण बेरीज मात्र दिवसवार चाले: पहिल्या सभासदाचा सोमवार, दुसऱ्याचा सोमवार, तिसऱ्याचा सोमवार. म्हणजे प्रत्येक खेपेतला एक आकडा घ्यावयाचा आणि सात फुकट घालवावयाचे. मोजणीदाराने नेमक्या त्या ओळीवर बोट ठेवले. फळीवर न सापडलेल्या मालाचा जवळजवळ सारा ढीग त्या एका ओळीच्या नावावर होता. त्या मुलीने दोन ओळींची अदलाबदल केली. आधी सभासद, मग त्याचे दिवस, आणि प्रत्येक दिवसाची बेरीज आपापल्या खान्यात. चहा निवण्याच्या आत हिशेब तयार! नवा संगणक घ्यावा लागला नाही. प्रोसेसर आळशी नव्हता. त्याला माल वेळेवर पोचत नव्हता.

श्रोतेहो, येथे आमच्यातला कामगार कार्यकर्ता जागा झाला. दोष शोधणाऱ्या यंत्राचे काम मोजणाऱ्या यंत्रात रूपांतर होणे, ही कथा आमच्या धंद्यात जुनी आहे. मागावर बाणा तुटला की माग थांबवणारा एक लहानसा काटा असतो. जपानात साकिची टोयोडा यांनी १९२४ साली जो स्वयंचलित माग पूर्ण केला, तो धागा तुटताच आपोआप थांबे. दोष धरण्याची ही सोय कापडासाठी चांगली, विणकराच्या डोळ्यांसाठीही चांगली. पण माग स्वतः थांबू लागला की मालक म्हणतो, मग एका माणसाने जास्त माग का सांभाळू नयेत? १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत दोनांऐवजी तीन माग सांभाळण्याचा आग्रह झाला, आणि सहा महिन्यांचा जो प्रचंड संप झाला त्याचे हे एक मोठे कारण होते. त्यातून नेमलेल्या फॉसेट समितीने १९२९ साली अहवाल दिला. आजचे धोटा नसलेले माग तर प्रत्येक थांब्याची नोंद ठेवतात: ताणा किती वेळा तुटला, बाणा किती वेळा, माग किती मिनिटे उभा. संध्याकाळी पडद्यावर एक टक्केवारी उमटते आणि जॉबर विणकराकडे पाहतो. सूत कच्चे होते, वीज गेली होती, बीम वेळेवर आला नव्हता, हे त्या एका टक्क्यात कोठे दिसणार?

मोजू नका, असे आम्ही म्हणणार नाही. मोजल्याशिवाय आमचाही हिशेब सुटला नसता. पण कसे मोजावे, याचे तीन धडे हे हत्यार देते.

पहिला धडा: मोजणीचा नियम उघडा असावा. व्हॅलग्रिंडची सगळी घडण कोणालाही वाचता येते, बदलता येते. आकडा कसा आला हे ज्याला विचारता येत नाही, त्याला तो आकडा मान्य करावा लागतो. आणि विचारण्याची सोय नसलेली मान्यता म्हणजे सक्ती.

दुसरा धडा: मोजणीदाराने आपल्या मर्यादा सांगाव्यात. या पहाऱ्याखाली आज्ञावली वीस-तीस पट मंद चालते. अनेक कामे एकदम चालत असली तरी हे हत्यार एका वेळी एकालाच चालू देते. चार विणकरांच्या खात्यात तीन उभे करून चौथ्याचे काम मोजावे, तसे. शिवाय कॅशग्रिंडची फळी ही कल्पित नमुन्याची फळी आहे. प्रोसेसर जसे गुंतागुंतीचे झाले, तसा तो नमुना त्यांच्यापासून दूर पडला. म्हणून २०२३ च्या आवृत्तीपासून कर्त्यांनी स्वतःच ती फळीची मोजणी, कोणी मागितल्याशिवाय करावयाची नाही, असे ठरवले. खऱ्या प्रोसेसरच्या पोटातही मोजण्याची चाके असतात. १९९३ च्या पेंटियममध्ये ती होती, आणि लिनक्समध्ये ती वाचण्याची सोय २००९ साली मुळातच आली. ती खरे सांगतात, पण दर खेपेस आकडा थोडा हलतो. नमुना दर खेपेस जवळजवळ तेच सांगतो, पण ते कल्पित असते. शहाणा न्यायाधीश दोन्ही साक्षी घेतो.

तिसरा धडा आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. हे हत्यार "आज्ञावली मंद आहे" एवढा शेरा मारून थांबत नाही. वेळ कोठे गेला, कोणत्या ओळीत गेला, माल कोठून यावयाचा होता, ते सांगते. कारखान्यातल्या मोजणीनेही एवढे सांगावे, आणि ते ज्याचे काम मोजले त्याच्या हातात प्रथम द्यावे. मग त्या आकड्यांवर बोलणी करण्यास आमची मुळीच हरकत नाही.

शेवटी त्या विणकराचे सांगितले पाहिजे. आम्ही त्याच्या कारखान्यात गेलो. माग चालू होते, बोललेले ऐकू येत नव्हते, म्हणून त्याला दाराबाहेर बोलावले आणि चार सोबत्यांदेखत सांगितले, "चूक आमची होती. तू खरे बोलत होतास." त्याने एवढेच विचारले, "भाऊ, मग त्या दिवशी माझे का ऐकले नाही?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्यानंतर पतपेढीत आम्ही एक नियम केला आहे: सभासद एक म्हणतो आणि यंत्र दुसरे म्हणते, तेव्हा प्रथम यंत्राची तपासणी व्हावयाची आणि ती होईपर्यंत एक पैसाही कापावयाचा नाही. तो नियम कागदावर लिहून कचेरीच्या भिंतीवर लावला आहे. आपण येऊन तो वाचावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.