रात्रपाळीतली भुतं

(वसंत व्याख्यानमालेत चिंचोळी एमआयडीसी येथे दिलेले व्याख्यान)

मंडळी, दिवसभराचं काम उरकून तुम्ही इथं बसलात आणि काहींना इथून थेट तिसऱ्या पाळीला जायचंय. तेव्हा पाल्हाळ लावत नाही. भूत असतं का, या प्रश्नाचं माझं उत्तर 'नसतं' असं आहे. पण भुताची गोष्ट असते, आणि ती का सांगितली जाते याबद्दल मला बोलायचंय.

आपल्याकडच्या भुतांची नुसती नावं आठवून बघा. मुंज झाली आणि लग्नाआधी गेला तो मुंजा, पिंपळावरचा. गरोदरपणात किंवा बाळंतपणात गेलेली ती हडळ, कुठं अळवंतीण. विहिरीत, डोहात आसरा. आपल्या सोलापूरच्या भुईकोटात तर बाळंतिणीची विहीर दाखवतात. ही यादी भीतीची वाटते, पण मला त्यात मृत्यूची नोंदवही दिसते. बाळंतपणात किती बायका जात होत्या, कोवळी मुलं किती जात होती, हे गावानं या नावांत जपून ठेवलं. सुखानं म्हातारा होऊन गेलेल्याचं भूत सहसा कुणी करत नाही.

गाव सोडून माणूस कारखान्यात आला, तेव्हा ही वही त्याच्याबरोबर आली. हे फक्त आपल्याकडं झालं असं नाही. वेल्समध्ये लुईस मॉरिस नावाचे खाणींचे जाणकार होते. शिशाच्या खाणीत अदृश्य बुटके टकटक करून धातूची शीर कुठं आहे ते सांगतात, असं त्यांनी 1754 साली पत्रांत गंभीरपणे लिहून ठेवलंय. तिथले लोक या बुटक्यांना 'कोब्लिनाय' म्हणतात. जमिनीखालच्या अंधारात, दगड कधी कोसळेल याचा नेम नसताना, माणूस प्रत्येक आवाजाला कान देणारच.

दुसरं उदाहरण आपल्या जास्त जवळचं. मलेशियातल्या सुंगाई वे इथं एका मोठ्या अमेरिकन इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात 1978 साली सुमारे 120 कामगार मुलींच्या अंगात आलं. त्या सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून काम करणाऱ्या. कारखाना 3 दिवस बंद ठेवावा लागला आणि मांत्रिक आणून बोकड कापला. आयवा ओंग या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 1987 च्या पुस्तकात याचा अर्थ लावला: खेड्यातून आलेल्या मुली, डोळे फोडणारं काम, सतत मागं उभा असलेला फोरमन, आणि तक्रार करायला जागा नाही. जे तोंडानं बोलता येत नव्हतं ते अंगात आलं. कंपनीनं बोकडाचा खर्च केला. काम तसंच राहिलं.

यंत्रसुद्धा भूत दाखवतं बरं का. इंग्लंडमधले विक टँडी हे अभियंते वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत होते. रात्री एकटे असताना त्यांना दरदरून घाम फुटला आणि डोळ्याच्या कोपऱ्यात करडी आकृती दिसली. वळून बघितलं तर काही नाही. दुसऱ्या दिवशी व्हाइसमध्ये धरलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरू लागलं, तेव्हा त्यांनी माग काढला. नव्यानं बसवलेला एक्झॉस्ट फॅन निघाला. सेकंदाला सुमारे 19 कंपनं, कानाला ऐकू न येणारी. पंख्याची बसवणूक बदलली आणि भीती गेली. त्यांनी 1998 मध्ये हे प्रसिद्ध केलं. सगळ्याच संशोधकांना ते पटलेलं नाही, पण त्यांनी मांत्रिकाच्या आधी पंखा तपासला, हे मला मोलाचं वाटतं.

त्यात रात्रपाळीची अर्धवट झोप. जाग येते, पण हात-पाय हलत नाहीत आणि छातीवर कुणी बसल्यासारखं होतं, हे तुमच्यापैकी अनेकांनी अनुभवलं असेल. झोपेचं चक्र विस्कटलं की होतं ते. त्याला डॉक्टर लागतो. भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं, बांधून ठेवणं, मिरचीची धुरी देणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हा कायदा यावा म्हणून झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी 20 ऑगस्टला खून झाला, हे विसरू नका.

आता आपल्या दारातलं. 18 मे 2025 च्या पहाटे सोलापुरातच, अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि 8 जण गेले. त्यात एक तान्हं मूल होतं. अशा जागेभोवती कालांतरानं कुजबुज सुरू होते: रात्री आवाज येतात, तिकडून जाऊ नका. माझी कळकळीची विनंती आहे, ती सुरू होऊ देऊ नका. 'तिथं भूत आहे' म्हटलं की बाहेर पडायची वाट होती का, आग विझवायला काय होतं, हे प्रश्न विचारायचे राहून जातात आणि जागाच दोषी ठरते.

म्हणून बंद शेडमधली, हायवेवरच्या वळणावरची गोष्ट कुणी सांगितली तर हसण्यावारी नेऊ नका. सांगणाऱ्याला विचारा: तिथं कोण गेलं? कुठल्या मशिनवर? कायम होता की कंत्राटी? घरच्यांना भरपाई मिळाली का? कामावरच्या अपघाती मृत्यूच्या भरपाईची तरतूद कायद्यात 1923 पासून आहे, पण दूरच्या राज्यातून आलेल्या पोराच्या आईला ती कोण सांगणार?

दरवर्षी 4 मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, गेटवर फलक लागतो, शपथ होते. त्या दिवशी शपथेच्या आधी, त्या आवारात कामावर असताना गेलेल्यांची नावं, गावं आणि मृत्यूची कारणं मोठ्यानं वाचावीत, अशी माझी सूचना आहे. ती यादी करायला जुन्या कामगारांपासून सुरुवात करा. भुताच्या गोष्टी त्यांनाच जास्त माहीत असतात.