पहिले वाक्य
(शाळेच्या हीरक महोत्सवी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



वाराणसीस गंगेच्या तीरावर घाटांची जी दीर्घ रांग आहे, तीत नारद घाट आणि पांडे घाट यांच्या परिसरात ‘राजा घाट’ आहे. त्याचे नाव ऐकून तो कुणा उत्तरेकडील राजाचा असावा, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु तो अमृतराव पेशव्यांचा. राघोबादादांचे हे दत्तक पुत्र. वसईच्या तहानंतर पुण्याचे राजकारण त्यांच्या हातून सुटले, इंग्रजांकडून तनखा स्वीकारून ते उत्तरेत गेले आणि १८२४ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिकडेच राहिले. अहिल्याबाई घाट, भोसले घाट, शिंद्यांचा घाट आणि दुर्गाघाट-ब्रह्माघाट भागातील मराठी वस्ती हे सारे ध्यानी घेतले, तर काशीत मराठी माणसाचे येणे-जाणे किती जुने आहे, हे कळते. अर्थात तितकाच जुना आहे एक प्रश्न : परक्या भाषेत पहिले वाक्य बोलावयाचे कसे?

हीरक महोत्सवी वर्षात एका मराठी माध्यमाच्या शाळेने या प्रश्नाचा विचार करणे अप्रस्तुत नाही. ‘आमच्या मुलाला सगळे येते, पण चार माणसांत हिंदी-इंग्रजी बोलायची वेळ आली, की त्याचे तोंड उघडत नाही,’ ही पालकांची नेहमीची काळजी. चुकीचे बोललो तर लोक काय म्हणतील, आपली छाप वाईट पडेल, या भयाने मूल गप्प बसते. आणि गप्प बसणाऱ्याची छाप तर मुळीच पडत नाही. म्हणून चांगली छाप कशाने पडते, हे एकदा नीट पाहिले पाहिजे. त्यासाठी राजा घाटाच्या पायऱ्यांइतके उत्तम वर्गाचे दालन दुसरे नाही. कारण मराठी माणसाला हिंदी येत नाही असे नव्हे, ती येते असे त्याला वाटते, आणि खरी गंमत तेथेच सुरू होते.

प्रथम शब्दांची फसगत पाहू. नुकताच काशीस पोहोचलेला मराठी विद्यार्थी नावाड्याला आपली ओळख सांगतो : ‘मेरा नाव गणेश है.’ मराठीत ‘नाव’ म्हणजे नाम आणि नाव म्हणजे होडीही. हिंदीत मात्र ‘नाव’ म्हणजे होडीच. नावाडी हसतो. शिक्षणाला हिंदीत ‘शिक्षा’ म्हणतात, जी मराठी मुलाला नको असते. ‘चेष्टा’ म्हणजे तेथे प्रयत्न, ‘यातायात’ म्हणजे रहदारी, ‘खाली’ म्हणजे रिकामे. दादा हा तेथे थोरला भाऊ नसून आजोबा आणि ताई ही बहीण नसून चुलती. या चुकांनी कुणाची छाप बिघडते काय? मुळीच नाही. नावाड्याचे हसणे हा अपमान नव्हे. ती संभाषणाची सुरुवात असते. जो विद्यार्थी त्याच्याबरोबर हसतो आणि ‘नाव नहीं, नाम’ अशी दुरुस्ती आनंदाने स्वीकारतो, तो त्या माणसाच्या कायम लक्षात राहतो.

दुसरी चूक मात्र अधिक नाजूक आहे, कारण ती बोलणाऱ्याच्या ध्यानातच येत नाही. मराठीत वडीलधाऱ्यांना ‘तुम्ही’ म्हणणे हा आदर आहे. ‘या, बसा, थांबा, द्या’ ही आपली आदराची रूपे. मराठी मनुष्य त्यांचे सरळ रूपांतर करतो आणि साठीच्या वृद्ध गृहस्थास म्हणतो, ‘तुम रुको’, ‘पानी दो’. त्याच्या मनात आदर असतो. ऐकणाऱ्याच्या कानी मात्र उद्धटपणा पोहोचतो, कारण तेथे आदराला ‘आप’ लागते, ‘रुकिए’ आणि ‘दीजिए’ लागते. त्याचप्रमाणे नीट ऐकू आले नाही म्हणून आपण ‘काय?’ विचारतो, त्याचे ‘क्या?’ झाले की ते तुटक वाटते, तेथे ‘जी?’ हा एवढासा शब्द पुरेसा असतो. लिंग चुकले, क्रियापद चुकले, तर माणसे सांभाळून घेतात; ‘किताब अच्छा है’ म्हणणाऱ्यावर कुणी रागावत नाही. आदर चुकला तर मात्र सांभाळून घेणे कठीण जाते, कारण ती चूक भाषेची आहे हे ऐकणाऱ्यास उमगत नाही. ती स्वभावाची वाटते. म्हणून नवी भाषा शिकणाऱ्याने प्रथम काय पाठ करावे, तर शंभर नामे नव्हेत, आदराची चार रूपे.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. काशीच्या गल्लीत ‘हम जा रहे हैं’ असे एकटाच मनुष्य म्हणतो, तेव्हा मराठी कानाला तो स्वतःला ‘आम्ही’ म्हणवून घेणारा गर्विष्ठ वाटतो. वस्तुतः तिकडे ‘हम’ म्हणजे साधा ‘मी’. भोजपुरीतील ‘तू’ ऐकून मराठी पाहुणा बिचकतो. पण भोजपुरीत त्याच्याही खाली ‘तें’ आहे आणि आदरासाठी ‘रउआ’ आहे, त्यामुळे तेथला ‘तू’ आपल्या ‘तू’ इतका उणा नाही. सारांश, जी गफलत आपल्या बोलण्यात होते, तीच आपल्या ऐकण्यातही होते. पहिली छाप दोघांवर पडत असते आणि दोघांकडूनही चुकू शकते.

मग शिकणाऱ्याने करावे तरी काय? पहिले म्हणजे, आधी ऐकावे. घाटावर माणसे एकमेकांस ‘महादेव’ म्हणतात की ‘प्रणाम’, हे दोन घटका कान देऊन ऐकले, तर अभिवादन आपोआप साधते. दुसरे, आपण शिकत आहोत हे एका वाक्यात सांगून टाकावे : ‘हिंदी अभी सीख रहा हूँ.’ त्याहून अधिक क्षमायाचना करू नये. दर वाक्यास माफी मागणारा मनुष्य ऐकणाऱ्याला थकवतो. तिसरे, समोरच्याला एक प्रश्न विचारावा. या घाटाचे नाव राजा घाट का पडले, असे एखाद्या वृद्धास विचारले, की पुढचा अर्धा तास बोलण्याचे काम तोच करतो, आणि शिकणाऱ्याला भाषा व स्नेह दोन्ही मिळतात. चौथे, अडखळताच इंग्रजीच्या आश्रयाला धावू नये. हातवारे चालतील, थांबणे चालेल. शब्द शोधताना आलेल्या शांततेने कुणाचे नुकसान होत नाही.

अशा अडखळत्या प्रारंभाच्या पलीकडे भाषा कोठवर नेऊ शकते, याचे उदाहरण काशीतच आहे. बाबूराव विष्णु पराडकर यांचा जन्म १८८३ मध्ये काशीतील मराठी कुटुंबात झाला. घराची भाषा मराठी. परंतु १९२० मध्ये सुरू झालेल्या ‘आज’ या हिंदी दैनिकाचे संपादक म्हणून त्यांनी हिंदी पत्रकारितेला वळण लावले. नावापूर्वी ‘श्री’ लिहिण्याची रूढी आणि ‘मुद्रास्फीति’सारखे शब्द हिंदीत रुजविण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. त्यांचे मामा सखाराम गणेश देउस्कर यांनी तर बंगालीत ‘देशेर कथा’ हा ग्रंथ १९०४ मध्ये लिहिला. पुढे इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. मामा बंगालीचा लेखक, भाचा हिंदीचा संपादक आणि दोघांच्याही घरी मराठी! मातृभाषेचा पाया पक्का असला, तर दुसरी भाषा तिच्यावर मजला चढविते, पाया उखडीत नाही. मराठी माध्यमाविषयी मनात शंका बाळगणाऱ्या पालकांनी हे उदाहरण अवश्य ध्यानात घ्यावे.

शेवटी एका शब्दाचा उल्लेख करणे भाग आहे. राजा घाटावर ‘भैया’ ही हाक म्हणजे थोरल्या भावाला दिलेला मान. तोच शब्द आपल्याकडील रेल्वेस्थानकांवर आणि बाजारांत कोणत्या स्वरात उच्चारला जातो, हे येथे बसलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. पूर्व उत्तर प्रदेशातून कुटुंबासह आलेले एखादे मूल आज मराठी शाळेच्या बाकावर बसते आणि ‘मला पाणी पाहिजे’ऐवजी ‘मेरेको पानी पाहिजे’ म्हणते. त्या क्षणी वर्ग हसतो. ते हसणे घाटावरच्या नावाड्यासारखे आहे, की दार लावून घेणारे आहे, यावर त्या मुलाचे पुढचे वाक्य अवलंबून असते. कदाचित पुढची सर्व वर्षेही. पहिली छाप पाडण्याची जबाबदारी आपण सदैव शिकणाऱ्यावर टाकतो. परंतु त्याला दुसरे वाक्य बोलावेसे वाटेल, असे ऐकणे ही यजमानाची जबाबदारी आहे.

अमृतरावांना काशीने जागा दिली, पराडकरांना हिंदीने घर दिले. परभाषेत जाणाऱ्या आपल्या मुलांसाठी आपण जी अपेक्षा करतो, तीच आपल्या भाषेत येणाऱ्या मुलांच्या वाट्याला यावी. या शाळेतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला परक्या गावी पहिले वाक्य बोलण्याचे धैर्य असावे आणि परगावाहून आलेल्याचे पहिले वाक्य ऐकण्याचे सौजन्यही असावे, एवढीच या हीरक महोत्सवी वर्षातील सदिच्छा.