शंभर गाड्या, एक गाडी आणि एक कमजोर सेल



सिग्नलला थांबलो की बाजूचा बाइकवाला हमखास वाकून बघतो आणि विचारतो, "भाऊ, ही अजून चालते का?" चालते. आज याच गाडीबद्दल बोलू. माझ्याकडे महिंद्राची ई-टू-ओ प्लस आहे. चार दारं, चार सीट, गिअर नाही, क्लच नाही. सायलेन्सरच नाही, त्यामुळे आवाजही नाही. ती आता बनत नाही, २०१९ मध्ये बंद झाली. मी सेकंड हँड घेतली, पावणेदोन लाखांत.

घेतली ती बाबांसाठी. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. क्लच दाबता येत नाही, आणि मनीषनगरहून धरमपेठला आईला फिजिओथेरपीला न्यायचं म्हणजे दर वेळी ऑटो शोधा, नाहीतर मी ऑफिसातून सुट्टी घ्या. ही गाडी आली आणि बाबा पुन्हा स्वतः चाबी घेऊन निघायला लागले. त्यामुळे "जुनी गाडी आहे, विकून टाक" हे म्हणणाऱ्याला सोपं आहे, आमच्या घरात नाही.

आधी थोडा इतिहास, कारण ही गाडी आकाशातून पडली नाही. १९९३ मध्ये केरळच्या एका कंपनीने 'लव्हबर्ड' नावाची दोन सीटची इलेक्ट्रिक कार आणली होती. ती मोजकीच बनली. १९९४ मध्ये बंगळुरूच्या मैनी समूहाने अमेरिकेच्या अमेरिगॉनसोबत रेवा कंपनी सुरू केली, आणि २००१ मध्ये रेवा रस्त्यावर आली. शिशाच्या बॅटरीवर चालणारी, खेळण्यासारखी दिसणारी. हीच गाडी इंग्लंडमध्ये 'जी-विझ' नावाने विकली गेली. लंडनच्या मध्यभागी शिरायला इतर गाड्यांना पैसे पडायचे, हिला माफी होती. पण २०११ पर्यंत सव्वीस देश मिळून खप किती? चार हजारांच्या थोडा वर. आपल्याकडची एखादी लोकप्रिय पेट्रोल हॅचबॅक एका महिन्यात याच्या कितीतरी पट विकली जाते.

२०१० मध्ये महिंद्राने रेवा विकत घेतली. मार्च २०१३ मध्ये दोन दारांची ई-टू-ओ आली, लिथियम-आयन बॅटरीवाली. ऑक्टोबर २०१६ मध्ये चार दारांची प्लस.

आता नागपूरकरांनो, तुम्ही ही गाडी आधी पाहिली असणारच. २६ मे २०१७ ला आपल्या शहरात ओलाने इलेक्ट्रिक टॅक्सी आणि ई-रिक्षांचा प्रकल्प सुरू केला. उद्घाटनाला नितीन गडकरी आणि देवेंद्र फडणवीस दोघंही होते. एकूण दोनशे वाहनं, त्यातल्या शंभर ई-टू-ओ प्लस. चार ठिकाणी चार्जिंग, पन्नासहून जास्त पॉइंट. देशात असा प्रयोग पहिल्यांदा होत होता, आणि तोही नागपुरात!

पुढचं वर्ष उजाडेपर्यंत बातम्या यायला लागल्या, की चालक चार्जिंगच्या रांगेत तासन् तास उभे आहेत, काहींना पुन्हा डिझेल गाडी हवी आहे. गाडी वाईट होती म्हणून नाही हं. टॅक्सीवाल्याचं पोट किलोमीटरवर चालतं. एका चार्जमध्ये शंभरच्या आसपास किलोमीटर जाणारी गाडी दिवसातून दोनदा भरावी लागते, आणि भरायला वेळ लागतो. उभी गाडी म्हणजे बुडालेली मजुरी. तीच गाडी माझ्या बाबांना मात्र अगदी बरोबर बसते, कारण त्यांचं रोजचं अंतर पंधरा-वीस किलोमीटर. रात्री प्लग लावायचा, सकाळी भरलेली. घरच्या मीटरवर पूर्ण चार्जला साधारण बारा-तेरा युनिट जातात, बस.

म्हणजे गाडी चांगली की वाईट, हा प्रश्नच अर्धवट आहे. तिच्या आजूबाजूला काय आहे, हेही विचारायला हवं. माझी खरी परीक्षा तिथेच झाली.

गेल्या उन्हाळ्यात रेंज घसरली. नागपूरचा मे तुम्हाला माहीत आहे, पंचेचाळीस डिग्री म्हणजे आपल्याला नवीन नाही. एसी लावला की गाडी कशीबशी चाळीस किलोमीटर जायची. शेवटच्या टप्प्यात तर चार्ज पंचवीस टक्के दाखवायचा आणि दोन चौकांत पाचवर यायचा. बाबांनी गाडी काढणं बंद केलं. तोंडाने काही बोलले नाहीत, फक्त पुन्हा ऑटोला फोन लावायला लागले.

एका वर्कशॉपमध्ये दाखवली. उत्तर आलं, "पूर्ण पॅक बदला." खर्च दोन लाखांच्या वर. गाडीपेक्षा बॅटरी महाग! बाबा म्हणाले, "कायले एवढा खर्च करून राहिला? भंगारात देऊन टाक."

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. आमच्याकडे अशा गोष्टीला लेगसी सिस्टीम म्हणतात. लिहिणारे निघून गेले, पण सिस्टीम चालू आहे आणि कुणाचं तरी काम तिच्यावर अवलंबून आहे. अशा वेळी पहिला नियम असतो की फेकायच्या आधी मोजा. नेमकं काय बिघडलंय ते शोधा.

बॅटरी पॅक म्हणजे एक वस्तू नसते. माझ्या गाडीचा पॅक ४८ व्होल्टचा आहे, आणि एक लिथियम सेल देतो तीन-साडेतीन व्होल्ट. म्हणून सेल एकामागे एक जोडतात, वारीतल्या दिंडीसारखे. आता दिंडीत एखाद्या माऊलीचे पाय दुखायला लागले, तर सगळी दिंडी थांबते की नाही? तसंच. एक सेल लवकर रिकामा झाला की बॅटरीचं कंट्रोल युनिट त्याला वाचवण्यासाठी गाडीची ताकद कमी करतं. बाकीच्या सेलमध्ये जीव असतो, पण तो वापरता येत नाही. पंचवीसवरून अचानक पाचवर येणं, हे बरेचदा याचंच लक्षण.

मग शोधाशोध. बंगळुरू आणि पुण्यातले तीन-चार मालक फोनवर मिळाले. एकाने स्वतःच्या गाडीच्या चार वर्षांच्या नोंदी पाठवल्या, वायरिंगच्या हाताने काढलेल्या आकृतीसकट. त्या घेऊन मी ई-रिक्षाच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. त्याने प्रत्येक सेल वेगळा चार्ज-डिस्चार्ज करून मोजला. चार दिवस लागले. निघाले किती कमजोर? दोन! त्यांच्या जागी नवे कोरे सेल नाही लावले, कारण जुन्यांच्या रांगेत नवा बसवला तरी चाल जमत नाही. बाकीच्यांच्या क्षमतेशी जुळणारे, मोजून घेतलेले वापरलेले सेल लावले. खर्च पस्तीस हजार. एसी लावून आता पासष्ट किलोमीटर जाते. नवी असतानाची रेंज परत येणार नाही, वय झालंय. ही कुणाची चूक नाही, लिथियमचं रसायनच तसं आहे आणि उष्णता ते वय वाढवते. म्हणून आम्ही भर दुपारी उन्हातून आल्या आल्या चार्जला लावत नाही. गाडी थंड होऊ देतो, मग रात्री.

आणि हे कृपा करून घरी करू नका. ४८ व्होल्ट ऐकायला कमी वाटतं, पण पाना चुकून दोन टोकांवर पडला तर करंट इतका प्रचंड वाहतो की लोखंड वितळतं.

या सगळ्यातून मला एक गोष्ट कळली, आणि तीच आज सांगायची होती. कमी संख्येने बनलेली गाडी फक्त लोखंड आणि बॅटरीवर जगत नाही. तिच्याबद्दलची माहिती किती लोकांकडे आहे, यावर ती जगते. स्प्लेंडर कुठल्याही गावात दुरुस्त होते, कारण प्रत्येक चौकात ती जाणणारा एक माणूस बसलाय. माझ्या गाडीला तो माणूस शोधावा लागला, आणि त्याच्या हातात द्यायला कागद हवे होते. ते कागद नसते तर गाडी भंगारातच गेली असती, आत चांगले सेल असूनही.

आता पुन्हा छोट्या इलेक्ट्रिक गाड्या येत आहेत. पुण्याच्या वेव्ह मोबिलिटीने जानेवारी २०२५ मध्ये छतावर सोलर पॅनल लागणारी 'ईव्हा' दाखवली. मला अशा गाड्या मनापासून आवडतात. आपल्या गर्दीच्या रस्त्यांना याच योग्य आहेत. तुमच्यापैकी कुणी घेणार असाल तर रेंज आणि स्क्रीनच्या आधी तीन प्रश्न विचारा. एकेका सेलची तब्येत मालकाला बघता येते का? पॅक उघडून दुरुस्त होतो, की अख्खा बदलावा लागतो? आणि मॉडेल बंद झालं तर पार्ट आणि सर्व्हिस मॅन्युअल किती वर्षं मिळणार? सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलंय, त्यात वाहनंही आहेत. पण ग्राहकाने विचारल्याशिवाय उत्तरं कोण देणार?

माझ्याकडून एक काम सुरू केलंय. दर रविवारी किलोमीटर, तापमान आणि प्रत्येक सेलचा व्होल्टेज एका शीटमध्ये भरतो. कारागिराने काय केलं तेही मराठीत लिहून ठेवलंय, फोटोंसकट. ज्याच्याकडे ही गाडी असेल त्याने मागावं, मोफत देईन. मला कुणीतरी दिलं म्हणूनच माझं काम झालं नं.

पुढच्या एपिसोडमध्ये सेकंड हँड ईव्ही घेताना बॅटरी कशी तपासायची, ते एकेक पायरी घेऊन बघू. तोपर्यंत पाणी पीत राहा, उन्हात फिरू नका. भेटूया!