एकच संप्रेरक, दोन आरोप



२०२० चा उन्हाळा आपल्यापैकी कुणीच विसरलेलं नाही. १२ एप्रिलला सोलापुरात करोनाची पहिली नोंद झाली आणि पुढच्या काही आठवड्यांत इथल्या मृत्यूंचं प्रमाण राज्याच्या सरासरीच्या बरंच वर गेलं. देशभरात त्या वर्षी करोनाने गेलेल्यांत सुमारे ७० टक्के पुरुष होते. पुरुषच का, यावर आज मला बोलायचं आहे. या प्रश्नाची जी झटपट उत्तरं बाजारात आली, त्यांचा त्रास आपले रुग्ण अजून भोगताहेत.

पहिला संशय टेस्टोस्टेरॉनवर गेला. विषाणूला पेशीत शिरायला मदत करणारं टीएमपीआरएसएस-टू हे विकर पुरुषी संप्रेरकाच्या इशाऱ्यावर चालतं, हे प्रोस्टेटच्या कर्करोगामुळे आधीच ठाऊक होतं. इटलीतल्या व्हेनेतो प्रांतात हे संप्रेरक दाबणारे उपचार घेणाऱ्या प्रोस्टेटच्या रुग्णांना लागण कमी झाल्याचं दिसलं. मग अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ९६ पुरुषांवर रीतसर चाचणी झाली. काहींना संप्रेरक खाली आणणारं डेगारेलिक्स दिलं, काहींना नाही. फायदा शून्य.

दरम्यान नेमका उलटा आरोप उभा राहिला होता. सेंट लुईसमध्ये डॉ. संदीप धिंडसा आणि डॉ. अभिनव दिवाण यांच्या गटाने ९० पुरुष आणि ६२ स्त्रिया तपासल्या आणि २०२१ मध्ये निष्कर्ष मांडले. पुरुषांत २५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली टेस्टोस्टेरॉन कमी मानतात. भरती होताना सौम्य आजाराच्या पुरुषांत ते सरासरी १५१ होतं, गंभीर आजाराच्या पुरुषांत अवघं ५३. तिसऱ्या दिवशी गंभीर रुग्णांत ते १९ वर आलं. स्त्रियांत संप्रेरकांची पातळी आणि आजाराची तीव्रता यांचा असा संबंध आढळला नाही.

पण मित्रहो, कोणताही मोठा आजार मेंदूकडून वृषणांकडे जाणारा संदेश मंदावतो. न्यूमोनियात, भाजल्यावर, हृदयविकाराच्या झटक्यानंतरही टेस्टोस्टेरॉन कोसळतं. म्हणजे ५३ हा आकडा आजाराचं कारण की परिणाम? भरतीच्या दिवशी घेतलेलं रक्त हे सांगू शकत नाही. याच गटाने २०२२ मध्ये ७२३ पुरुषांच्या नोंदी अभ्यासल्या. ज्यांचं टेस्टोस्टेरॉन कमी होतं, त्यांच्यावर रुग्णालयात भरती होण्याची वेळ २.४ पट अधिक आली. टेस्टोस्टेरॉनचे उपचार घेणाऱ्यांत हा धोका वाढलेला दिसला नाही. हा पुरावा अधिक वजनदार आहे, तरी निर्णायक नव्हे. नेमाने उपचार घेणारा माणूस मुळात डॉक्टरकडे पोचलेला असतो, आणि तेवढ्यानेही बरंच काही बदलतं.

माझ्या मते कमी टेस्टोस्टेरॉन ही आधीच खचलेल्या शरीराची खूण आहे. टाइप टू मधुमेह असलेल्या पुरुषांत सुमारे एक तृतीयांशांचं टेस्टोस्टेरॉन कमी असतं, हे धिंडसांनीच २००४ मध्ये दाखवलं होतं. पोटावरची चरबी या संप्रेरकाचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. साखर, सुटलेलं पोट आणि तंबाखू तिन्ही घेऊन येणारा पुरुष आपल्या ओपीडीला नवा नाही. त्यात तो उशिरा येतो, कारण यंत्रमागावर खाडा पडला की मजुरी बुडते. या उशिराचा हिशेब कुठल्याच प्रयोगशाळेच्या अहवालात नसतो.

संप्रेरकालाच सगळं श्रेय किंवा दोष देणाऱ्यांनी १९१८ आठवावं. त्या वर्षीच्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मुंबई इलाख्यात बायकांचा मृत्युदर पुरुषांहून जास्त होता. अर्धपोटी राहून घरातल्या आजाऱ्यांची सेवा त्यांनीच केली होती. घरात बसून विडी वळणारी बाई आजही तपासणीला सगळ्यांत शेवटी पोचते. तेव्हा नोंदींतला स्त्री-पुरुष फरक वाचताना कोण मोजलं गेलं, हे आधी विचारा.

आणि एक कळकळीची विनंती. ताकदीचं म्हणून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन मागणारे तरुण वाढताहेत. बाहेरून दिलेलं टेस्टोस्टेरॉन शुक्राणूंची निर्मिती दाबतं आणि रक्त दाट करतं. मूल हवं असलेल्या पुरुषाला ते देणं हा गुन्हा आहे, असं मी मानतो. फुप्फुसाच्या संसर्गापासून बचाव म्हणून ते देण्याला आज आधार नाही. वजन उतरलं, साखर आटोक्यात आली की पातळी बऱ्याचदा आपोआप चढते.

सोलापूरच्या डॉक्टरांनी एक काम हाती घ्यावं, असा माझा प्रस्ताव आहे. येत्या पावसाळ्यापासून गंभीर फ्लू किंवा न्यूमोनियाने भरती होणाऱ्या प्रौढ पुरुषांचं सकाळी दहाच्या आत रक्त घ्यायचं. कंबरेचा घेर, एचबीए-वन-सी, तंबाखू आणि लक्षणं सुरू झाल्यापासून भरतीपर्यंत गेलेले दिवस लिहायचे. बरा होऊन घरी गेलेल्या रुग्णाचं रक्त तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. आजारात खाली गेलेलं टेस्टोस्टेरॉन नंतर वर आलं की खालीच राहिलं, ते त्यातून दिसेल. नोंदीचा नमुना मी आणला आहे. चहाच्या सुट्टीत तो पाहा आणि त्यात काय राहिलं ते सांगा.