निळी रात्र परत मिळाली

सन १९२२ च्या मार्च महिन्यांत बर्लिन येथें ‘नोस्फेराटू’ हा मूकपट दाखविण्यांत आला. दिग्दर्शक होता मुर्नाऊ. कथा ब्रॅम स्टोकर या लेखकाच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीची. मात्र परवानगी घेण्याचे कष्ट चित्रपट कंपनीनें घेतले नव्हते. ड्रॅक्युलाचें नांव बदलून ऑर्लॉक केलें, लंडनच्या जागीं एक कल्पित जर्मन शहर घातलें, आणि एवढें करून नामावलींत मूळ कादंबरीचा उल्लेखहि केला! हा भाबडेपणा होता कीं निर्ढावलेपणा, कोण सांगणार? स्टोकरच्या विधवेनें दावा लाविला, कंपनीचें दिवाळें वाजलें, आणि १९२५ सालीं न्यायालयानें चित्रपटाच्या साऱ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला.

परंतु कांहीं प्रती तत्पूर्वींच परदेशीं गेल्या होत्या. त्यांनीं न्यायालयाच्या हातावर तुरी दिल्या.

पुढें घरोघरीं व्हिडिओ आला तेव्हां अमेरिकेंत या चित्रपटावर कोणाचा हक्क उरलेला नव्हता. मग काय! जो तो नकलेची नक्कल काढून फिती विकूं लागला. चित्र पुसट, पात्रें भराभर पळणारीं, आणि सारें कृष्णधवल. हें शेवटचें वैगुण्य सर्वांत घातक, कारण त्यानें कथेचा कणाच मोडला.

त्या काळच्या फिल्मवर रात्रीचें चित्रण नीट उठत नसे. म्हणून रात्रीचे प्रसंग भर दिवसा टिपावयाचे आणि मग प्रतीला निळा रंग द्यावयाचा, अशी रीत होती. निळें म्हणजे रात्र, पिंवळें म्हणजे दिव्याचा उजेड, गुलाबी म्हणजे पहांट. ही भाषा त्या वेळच्या प्रेक्षकांस पाठ होती. रंग गेल्यावर काय झालें? ऑर्लॉक आपली शवपेटी काखेंत मारून लख्ख उन्हांत शहरांतून चालूं लागला, आणि शेवटीं मेला तो सूर्याच्या किरणानें! पाहणारा हंसला तर त्याचा काय दोष? वास्तविक उन्हानें पिशाच मरतें ही कल्पना या चित्रपटाचीच देणगी आहे. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसाहि हिंडूं शकतो.

हा अन्याय दूर झाला तो २००५-०६ च्या जीर्णोद्धारांत. पॅरिसच्या चित्रपट-संग्रहालयांत १९२२ ची एक रंगविलेली फ्रेंच प्रत होती. ती पायाभूत धरून स्पॅनिश अभ्यासक लुचियानो बेरियातुआ यांनीं मुर्नाऊ प्रतिष्ठानासाठीं संपूर्ण चित्रपट पुन्हा सिद्ध केला. हान्स एर्डमानच्या मूळ संगीताचीहि पुनर्रचना झाली. २०१३ सालीं तो ब्लू-रे तबकडीवर विक्रीस आला. ओरखडे सगळे गेलेले नाहींत, आणि तें बरेंच झालें. नव्वद वर्षांच्या मुद्रेवर सुरकुत्या असावयाच्याच.

ही तबकडी घरीं लावून पाहतांना घाईचें संकलन किंवा किंकाळ्या यांची अपेक्षा धरूं नये. येथील भय संथ आहे. जहाजाच्या पोटांतल्या पेटींतून माक्स श्रेकचा ऑर्लॉक फळीसारखा ताठ उभा राहतो, तेवढेंच पुरेसें होतें. एलेन त्याला आपल्या शेजेपाशीं कोंबडा आरवेपर्यंत खिळवून ठेवते. खिडकींतून ऊन येतें, आणि ऑर्लॉकचा धूर होतो. रात्र खरोखर निळी होती म्हणून त्या उन्हाला आतां अर्थ आला आहे.