टाकळ्याचे दिवस आणि रक्त पातळ करायची गोळी



1 जूनला मासेमारी बंद होते, जयगडच्या खाडीतल्या होड्या किनाऱ्याला लागतात आणि ताटातला ताजा मासा कमी होतो. पहिल्या पावसावर टाकळा उगवतो. मग शेवग्याचा पाला, माठ, अळू, आणि त्यात पुढे श्रावण. हृदयात कृत्रिम झडप असलेल्या माणसाला हा ताटातला बदल चांगलाच जाणवू शकतो.

झडप बदलायची वेळ अनेकदा अशी येते: लहानपणी घसा धरतो, सांधे सुजतात, ताप येतो नि जातो. पुढे ऐन उमेदीत कळतं, की त्याच आजारानं हृदयाची झडप खराब केली. यांत्रिक (मेकॅनिकल) कृत्रिम झडप बसवली की तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम ही रक्त पातळ करायची गोळी जन्मभर घ्यावी लागते. ही गोळी ‘के’ जीवनसत्त्वाच्या कामात आडवी येते, आणि हिरव्या पाल्यात तेच जीवनसत्त्व भरपूर. पाला वाढला की गोळी कमी पडते. नारळी पौर्णिमेनंतर मासे आले, पाला आटला, की तीच गोळी जास्त होते. दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर काळेनिळे डाग उठतात.

म्हणून टाकळा सोडायचा का? मुळीच नाही. असं सांगणाऱ्या डॉक्टरकडे कोकणात दुसऱ्यांदा जाईल कोण! पालेभाजी खा, पण वर्षभर साधारण सारखी खा. आणि पावसाळ्याच्या तोंडाला आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, तपासा. निरोगी माणसात हा आकडा 1 च्या आसपास असतो. झडपवाल्यांना तो बहुधा 2 ते 3 किंवा 2.5 ते 3.5 ठेवावा लागतो. तुमचा किती, ते तुमचे डॉक्टर सांगतील. रत्नागिरीला जाऊन यायचं तर दिवस मोडतो, म्हणून भर पावसात तपासणी टळते. नेमकी तेव्हाच ती टाळू नये.

शेजाऱ्याच्या गोळीशी आपली ताडून बघू नका. एकाच होडीवरचे दोघे, वय-वजन सारखं, तरी एकाला 1 मिलिग्रॅम पुरेल नि दुसऱ्याला 4 लागतील. ही गोळी पचवायची यकृताची चाल ज्याची त्याची, बरीचशी आईवडिलांकडून आलेली.

तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्यांबद्दलही लोक विचारतात. कृत्रिम झडपेसाठी अशी एक गोळी वापरून पाहिली. रक्तस्राव नि गुठळ्या दोन्ही वाढल्यामुळे 2012 साली तो प्रयोग थांबवावा लागला. 2022 साली 24 देशांतल्या साडेचार हजारांवर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या रुग्णांच्या झडपा लहानपणी घसा-सांधे धरणाऱ्या त्याच आजारानं बिघडलेल्या होत्या आणि ठोके अनियमित होते. त्यांच्यातही जुनी गोळीच सरस ठरली.

लेप्टोस्पायरोसिससाठी डॉक्सिसायक्लिन किंवा जुलाबावर मेट्रोनिडाझोल मिळालं, तर रक्त पातळ करायची गोळी चालू असल्याचं आधी सांगा. या औषधांनी तिचा जोर वाढतो. अंगदुखीवर दुकानातून परस्पर गोळी आणू नका, कंबरेत सुईही मागू नका, तिथं रक्त साकळतं. आणि काल रात्रीची गोळी राहिली म्हणून आज दोन घेऊ नका.